भाजीचं पाणी : वांगी आणि भेंडीवरचे प्रश्न

या महिन्याच्या पत्रांत वांगी आणि भेंडी या दोनच भाज्यांनी जागा व्यापली आहे. भेंडीला तारा सुटतात, काप तेल पितात, भरीत पाणचट होतं, भरली वांगी देठाशी कच्ची राहतात. तक्रारी निरनिराळ्या असल्या तरी बहुतेकींचं मूळ पाण्यात आहे. ते कुठून येतं, कधी आटवायचं आणि मीठ घालून ते कधी सुटू द्यायचं, एवढं लक्षात आलं की या भाज्या सहसा दगा देत नाहीत. खालच्या मापांत वाटी १५० मिलिलिटरची, चमचा चहाचा (५ मिलिलिटर) आणि मोठा चमचा १५ मिलिलिटरचा धरावा.

प्रश्न : भेंडी धुते, पुसते, चिरते आणि फोडणीला टाकते. तरी पाच मिनिटांत कढईत तारा. झाकण ठेवलं तर चिखल होतो, नाही ठेवलं तर भेंडी कच्ची लागते. (डोंबिवली)

उत्तर : भेंडीतला चिकट पदार्थ पाण्यात विरघळतो आणि पाणी मिळेल तसा फुगतो. म्हणजे चिकटपणा हा भेंडीचा दोष नाही. तिला पाणी कुठून मिळालं, ते शोधायचं.

पहिलं पाणी धुण्याचं. नुसतं पुसून भागत नाही. शिरांच्या खाचांत आणि टोपीखाली थेंब राहतात. धुतलेली भेंडी सुती कापडावर पसरून पंख्याखाली तासभर ठेवा, किंवा रात्री धुऊन सकाळी चिरा. सुरी, पाट, हात सगळं कोरडं हवं. चकत्या एक सेंटिमीटरच्या ठेवा. फार पातळ चिरली की जास्त भाग कापला जातो आणि तेवढा चीक बाहेर येतो.

दुसरं पाणी वाफेचं. अर्धा किलो भेंडी एका लहान कढईत घातली की खालची भेंडी परतली जात नाही, ती वरच्या भेंडीच्या वाफेत शिजते. २५-२६ सेंटिमीटर रुंदीच्या पसरट कढईत एका वेळी २५० ग्रॅमच घ्या, जास्त असेल तर दोन घाण्यांत करा. २५० ग्रॅमला २ मोठे चमचे तेल लागतं. त्याहून कमी तेलात करायची असेल तर नॉनस्टिक भांडं घ्या. फोडणी झाली की भेंडी घालून मोठ्या आचेवर, न झाकता, ४-५ मिनिटं परता. उलथनं मिनिटाला एकदाच फिरवा. सारखं ढवळलं की चकत्या मोडतात आणि बिया मोकळ्या होऊन चीक पसरतो. तारा दिसू लागल्या की लगेच आंबट घाला : २ अमसुलं, किंवा १ चमचा लिंबाचा रस, किंवा १ मोठा चमचा घट्ट दही. आंबटाने चीक तुटतो. त्यानंतर आच मध्यम-मंद करून आणखी ७-८ मिनिटं.

तिसरं पाणी मिठाचं. मीठ सुरुवातीला घातलं की भेंडी पाणी सोडते आणि सगळी मेहनत वाया जाते. उतरवण्याआधी दोन मिनिटं मीठ घाला आणि एकदाच हलवा. कांदा घालायचा असेल तर तो आधी वेगळा परतून बाजूला काढा आणि भेंडी झाल्यावर मिसळा. ओलं खोबरंही शेवटीच.

एवढं करूनही भेंडी कच्ची लागत असेल तर ती जून आहे, आणि त्याला झाकण हा उपाय नाही. टोक वाकवून बघा. कट्कन मोडलं तर कोवळी. नुसतं वाकलं आणि मोडलं नाही तर ती भाजीला घेऊ नका.

प्रश्न : लोखंडी कढईत भेंडी काळी पडते. खाल्ली तर चालते का? (कराड)

उत्तर : चालते. भेंडीतल्या तुरट द्रव्यांची लोखंडाशी क्रिया होऊन हा रंग येतो आणि आंबट घातलं की तो आणखी गडद होतो. अपाय नाही, पण धातूची चव येते आणि भाजी कढईतच राहिली तर ती वाढत जाते. लोखंडी कढईची परतलेली चव हवी असेल तर आंबट न घालता भाजी करा, झाल्या झाल्या दुसऱ्या भांड्यात काढा आणि लिंबू ताटात पिळा. वांग्याचंही असंच आहे. लोखंडी विळीवर चिरलेली वांगी स्टीलच्या सुरीने चिरलेल्यांपेक्षा लवकर आणि जास्त काळवंडतात.

प्रश्न : भरली वांगी करताना खालची वांगी मोडतात, देठाजवळचा भाग मात्र कच्चाच. मसाला निम्मा रश्श्यात उतरतो. कुकरमध्ये केली तर सगळाच लगदा. नक्की पद्धत आणि प्रमाण द्यावं. (पुणे)

उत्तर : आधी वांगी निवडण्याबद्दल. अर्ध्या किलोत १० ते १२ बसतील अशी, जवळजवळ एका मापाची वांगी घ्या. माप वेगवेगळं असेल तर लहान मोडेपर्यंत मोठं शिजत नाही. ही या भाजीची सगळ्यात जास्त दुर्लक्षित अट आहे. देठाची टोपी हिरवी, काटे टणक, साल तुकतुकीत आणि हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने हलकं वाटणारं वांगं चांगलं. जड वांग्यात बिया जास्त. कृष्णाकाठची वांगी मिळाली तर प्रश्नच नाही, त्यांत बी कमी आणि गर गोडसर असतो.

देठ तसाच ठेवून, खालून वर अधिकच्या चिन्हासारखी चीर द्या आणि देठाच्या एक सेंटिमीटर अलीकडे थांबा. चीर अर्ध्यातच थांबली की देठाजवळ ना मसाला पोचतो ना वाफ. चिरलेली वांगी लिटरभर पाण्यात २ चमचे मीठ घालून दहा मिनिटं बुडवा. यापेक्षा जास्त वेळ ठेवली तर वांगी पाणी पितात आणि तेच पाणी नंतर मसाला बाहेर ढकलतं. चाळणीवर उपडी घालून पूर्ण निथळा.

मसाला : दाण्याचं जाडसर कूट पाऊण वाटी, भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा चुरा पाव वाटी, भाजून कुटलेले तीळ १ मोठा चमचा, गोडा मसाला ३ चमचे, लाल तिखट २ चमचे, हळद अर्धा चमचा, मीठ सव्वा चमचा, कोथिंबीर. कच्चा कांदा सारणात नको, तो पाणी सोडतो. कांदा हवाच असेल तर तांबूस परतून वाटून घाला. सारण मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा इतपतच ओलं, त्यासाठी चमचाभर तेल आणि अगदी थोडं पाणी पुरतं. पातळ झालं तर चमचाभर भाजलेलं बेसन मिसळा.

देठ कच्चा राहण्यावर उपाय असा की वांगी न भरता आधी तेलात परतून घ्यायची. ४ मोठे चमचे तेल तापवून त्यात चिरलेली कोरी वांगी मध्यम आचेवर सगळ्या बाजूंनी ६-७ मिनिटं फिरवा. साल फिकट होऊन किंचित सुरकुतली आणि दाबल्यावर वांगं दबलं की काढा, कोमट होऊ द्या आणि मग भरा. आता वांगं मऊ झालेलं असतं, त्यामुळे चिरीत सारण जास्त मावतं आणि घट्ट बसतं.

त्याच तेलात मोहरी, हिंग, कढीपत्ता, उरलेलं सारण घालून मिनिटभर परता. दीड वाटी गरम पाणी ओता, गार पाण्याने तेल मसाल्यापासून सुटत नाही. वांगी एका थरात मांडा, झाकणावर पाणी ठेवा आणि मंद आचेवर १२ ते १५ मिनिटं शिजवा. मधे एकदाच, देठाला धरून उलटा. चमच्याने ढवळू नका. देठाच्या अगदी खाली सुरी टोचा, सहज गेली तर झालं.

चिंचेचा कोळ १ मोठा चमचा आणि सुपारीएवढा गूळ शेवटच्या पाच मिनिटांत घाला. सारणातच चिंच घालण्याची रीत अनेक घरांत आहे, पण आंबट लागलं की भाजी मऊ व्हायला वेळ घेते, आणि बिनपरतलेली वांगी कच्ची राहण्याचं हेच एक मोठं कारण असतं. वांगी नीट परतून घेतली असतील तर सारणात चिंच चालेल.

कुकर या भाजीला नको. दाब सुटताना वांग्यातली वाफ जोरात बाहेर पडते आणि गर फाटतो. झाल्यावर अर्धा तास झाकून ठेवली तर रस्सा वांग्यात मुरतो. सकाळी केलेली रात्री जास्त छान लागतात.

प्रश्न : वांग्याचे काप तव्यावर टाकले की तेल गायब. आणखी घातलं तर तेही गायब, आणि शेवटी काप तेलकट. (ठाणे)

उत्तर : कच्च्या वांग्याचा गर स्पंजसारखा, हवेच्या पोकळ्यांनी भरलेला असतो. तेल त्या पोकळ्यांत शिरतं. गर शिजून दबला की तेच तेल परत बाहेर येतं. म्हणून सुरुवातीला तवा कोरडा दिसतो म्हणून ओतलेलं तेल शेवटी जास्त होतं. पोकळ्या आधीच बंद केल्या की प्रश्न मिटतो. ३०० ग्रॅमच्या एका वांग्याच्या एक सेंटिमीटर जाडीच्या चकत्या करा, दोन्ही बाजूंना मिळून अर्धा चमचा मीठ चोळून वीस मिनिटं ठेवा. सुटलेलं पाणी तळहातांत दाबून काढा आणि पुसा. मग १ चमचा तिखट, पाव चमचा हळद, हिंग आणि अर्धा चमचा आगळ (कोकमाचा घट्ट रस) लावा. मीठ आता पुन्हा घालू नका.

तांदळाचं पीठ दोन भाग आणि बारीक रवा एक भाग असं मिश्रण तव्यावर टाकायच्या क्षणीच लावा. आधीच लावून ठेवलं तर पीठ ओलं होऊन तव्याला चिकटतं आणि काप नागडे उलटतात. तवा मध्यम तापलेला हवा. प्रत्येक कापाला एक चमचा तेल कडेने, ३-४ मिनिटं एका बाजूला, तेवढीच दुसऱ्या. उलथनं लावल्यावर काप स्वतःहून सुटत नसेल तर आणखी अर्धा मिनिट थांबा.

प्रश्न : जर्मनीत राहतो. घरात गॅस नाही, फक्त विजेची शेगडी आणि ओव्हन. बाजारात गडद जांभळी मोठी वांगी मिळतात. खानदेशी भरीत जमेल का? दोनदा केलं, दोन्ही वेळा पाणचट आणि किंचित कडू झालं.

उत्तर : हुबेहूब जमणार नाही, पण चांगलं भरीत नक्की जमेल. खानदेशात भरिताला वापरतात ते वांगं वेगळंच असतं : पांढरट-हिरवं, मोठं, पातळ सालीचं, कमी बियांचं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ते कपाशीच्या किंवा तुरीच्या काड्यांच्या जाळावर भाजतात आणि लाकडी बडगीत मिरची-लसणाबरोबर ठेचतात. म्हणजे धूर, पातळ साल आणि कमी बी या तिन्ही गोष्टी तिथे आपोआप मिळतात. तुम्हाला त्या एकेक करून मिळवायच्या आहेत.

बी : बाजारात असतील त्यांतली सडपातळ आणि हलकी वांगी घ्या, चारशे ग्रॅमच्या वर नको. भाजल्यानंतर उभं उघडा. बियांचे पट्टे तपकिरी दिसले तर चमच्याने खरवडून टाका. कडवटपणा बहुतेक तिथेच असतो.

भाजणं : सुरीने चार ठिकाणी खोल टोचा, नाहीतर वाफ कोंडून वांगं ओव्हनमध्ये फुटतं. २३० अंशांवर, जाळीवर, खाली ट्रे ठेवून ४० ते ५० मिनिटं. शेवटची दहा मिनिटं वरचा ग्रिल लावा आणि एकदा फिरवा. साल कडक काळी व्हायला हवी आणि वांगं पूर्ण बसलं पाहिजे. देठाजवळ जरासुद्धा टणक लागलं तर परत आत. अर्धकच्चं वांगं हे बेचव भरिताचं पहिलं कारण आहे, आणि ओव्हनमध्ये लोक हमखास लवकर थांबतात. ओव्हनऐवजी बिडाच्या कोरड्या तव्यावर दर चार-पाच मिनिटांनी फिरवत २५-३० मिनिटं भाजलं तर करपल्याची चव जास्त उतरते.

पाणी : भाजलेलं वांगं दहा मिनिटं झाकून ठेवा आणि मग साल काढा. नळाखाली धरून सोलू नका. करपल्याची सगळी चव मोरीत जाते. बोटं पाण्यात बुडवत सोला. गर चाळणीत पंधरा मिनिटं निथळू द्या. खाली जमणारं तपकिरी पाणी चाखून बघा, कडू असेल तर फेका. किलोभर वांग्यांचा सहाशे ग्रॅमच्या आसपास गर मिळेल असं धरून चाला.

धूर : गर स्टीलच्या पातेल्यात घ्या, मधे लहान वाटी ठेवा, तिच्यात लाल झालेला कोळशाचा एक छोटा तुकडा आणि त्यावर अर्धा चमचा तेल. लगेच झाकण, तीन मिनिटं. पाच मिनिटांवर गेलं तर धुराची चव कडू होते. हे बाल्कनीत किंवा उघड्या खिडकीपाशी करा. बंद खोलीत पेटता कोळसा धोक्याचा असतो.

आता ठेचा. एक किलो वांग्यांच्या गराला ८-१० कमी तिखट हिरव्या मिरच्या आणि लसणाच्या १५ पाकळ्या तेलात किंवा तव्यावर भाजून मिठाबरोबर जाडसर ठेचा. गर लाकडी चमच्याने मळा. मिक्सर नको, त्याने भरीत गुळगुळीत आणि चिकट होतं. ४ मोठे चमचे तेलात जिरं, पाव वाटी शेंगदाणे, मग एका जुडीची कांद्याची पात घालून दोन मिनिटं परता, ठेचा आणि गर घाला, मोठ्या आचेवर पाचच मिनिटं. टोमॅटो घालू नका, त्याने पुन्हा पाणी येतं. वर कोथिंबीर. खानदेशात याच्याबरोबर कळण्याची भाकरी असते, ज्वारी आणि काळे उडीद एकत्र दळलेल्या पिठाची. परदेशात ज्वारीच्या चार वाट्या पिठात एक वाटी सालीच्या उडदाचं पीठ मिसळून जवळपास जाता येतं.

दह्यातलं भरीत करायचं असेल तर गर पूर्ण गार झाल्यावर आणि जेवायला बसताना दही घाला. गरम गरात दही फुटतं आणि आधी मिसळून ठेवलं तर पाणी सुटतं.

प्रश्न : बाहेरून एकही छिद्र नाही, तरी वांग्यात अळी निघते. मिठाच्या पाण्यात ठेवूनही फरक नाही. (नागपूर)

उत्तर : आपल्याला दिसतं ते मोठं छिद्र बहुधा अळी बाहेर पडल्याचं असतं. आत शिरते तेव्हा ती इतकी बारीक असते की शिरल्याची खूण दिसत नाही. म्हणून बिनछिद्राचं वांगं म्हणजे बिनअळीचं, असं धरता येत नाही. खोल बसलेली अळी मिठाच्या पाण्याने बाहेर येत नाही, ते पाणी फक्त काळं पडणं थांबवण्यासाठी. चिरून, प्रत्येक फोड बघूनच घ्या. एखाद्या बाजूलाच पोखरलेलं असेल तर तेवढा भाग कापून बाकीचं वापरा. तपकिरी भुसा सगळीकडे पसरला असेल किंवा वास येत असेल तर टाका. भरिताचं वांगं अख्खं भाजतो, तिथे लोक फसतात. देठ न तोडता एक उभी खोल चीर द्या, उघडून बघा आणि तेल लावून भाजा. चिरीमुळे वाफेलाही वाट मिळते.

प्रश्न : फ्रिजमध्ये भेंडीवर काळे डाग येतात, वांगी आतून तपकिरी होतात. बाहेर ठेवली तर सुकतात. (मुंबई)

उत्तर : दोन्ही उष्ण हवेतल्या भाज्या आहेत, फार थंडी त्यांना सोसत नाही. वांग्याला १० ते १२ अंश मानवतात, भेंडीला ७ ते १०, आणि फ्रिज साधारण ४-५ अंशांवर चालतो. त्यामुळे लागतील तेवढ्याच, दोन-तीन दिवसांच्या घ्या. फ्रिजमध्ये भाज्यांचा खालचा कप्पा किंवा दाराची बाजू वापरा. भेंडी न धुता, कोरड्या सुती कापडात सैल गुंडाळून. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत जमलेला दमटपणाच तिला बुळबुळीत करतो. वांगी वर्तमानपत्राच्या कागदात. पिकलेली केळी, सफरचंदं यांच्या शेजारी दोन्ही ठेवू नका, त्या फळांतून निघणाऱ्या वायूने त्या लवकर पिवळ्या आणि जून होतात. सकाळच्या डब्यासाठी भेंडी रात्री चिरायची असेल तर डब्यात खाली-वर कोरडं कापड घाला. वांगं मात्र आदल्या रात्री चिरू नका.

प्रश्न : ऋषीच्या भाजीत भेंडी घातली की सगळी भाजी बुळबुळीत. तेल-फोडणी तर नसते, मग परतायची कशी? (दादर)

उत्तर : परतायची गरज नाही, फक्त तिला कमी चिरायचं आणि उशिरा घालायचं. भेंडीची टोपी सालीपुरतीच तासा, आतली पोकळी उघडी पडू देऊ नका, आणि कोवळ्या लहान भेंड्या अख्ख्याच घ्या. मोठ्या असतील तर दोन इंचांचे तुकडे. मक्याची कणसं, सुरण, लाल भोपळा, अळूच्या दांड्या हे सगळं शिजल्यावर चिंचेचा कोळ घाला आणि त्यानंतर भेंडी. शेवटची सात-आठ मिनिटं, न झाकता, डाव हलक्या हाताने एकदाच. आधी आंबट आणि मग भेंडी हा क्रम पाळला तर भाजी दाटसर होते, तारा येत नाहीत. अळूलाही चिंच लागतेच, तिने घशाची खाज टळते.

भोगीच्या भाजीबद्दलही दोन पत्रं आहेत. तिथे वांगं सगळ्यात शेवटी घाला. पावटे, हरभरे, गाजर आधी, आणि वांग्याच्या मोठ्या फोडी उतरवण्याआधी दहा मिनिटं. तिळाचं कूट मीठ घातल्यानंतर.

प्रश्न : सोडे (सुकवलेली कोळंबी) घालून सोडे-वांगी करते. सोडे रबरासारखे होतात आणि भाजी खारट. (पनवेल)

उत्तर : दोन्हींचं कारण तयारीत आहे. अर्धी वाटी सोडे धुऊन गरम पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा, पाठीतला काळा दोरा आणि रेती काढा. भिजवलेलं पाणी खारट आणि रेतीचं असतं, ते घेऊ नका. तेलात ठेचलेला लसूण आणि सोडे दोनच मिनिटं परता, काढून ठेवा. त्याच तेलात कांदा, तिखट, हळद, एका बटाट्याच्या फोडी आणि एक वाटी पाणी घालून सहा-सात मिनिटं, मग २५० ग्रॅम वांग्याच्या फोडी घालून आठ मिनिटं. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण २ मोठे चमचे आणि परतलेले सोडे आता घाला, पाच मिनिटं. चव बघा आणि मगच मीठ. तीन अमसुलं शेवटी.

प्रश्न : कुरकुरी भेंडी डब्यात मऊ पडते. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : बंद डब्यात ती कुरकुरीत राहणारच नाही, डब्यासाठी दुसरी भाजी करा. घरी खायला : २५० ग्रॅम कोरडी भेंडी, उभे चार तुकडे, बिया झटकून. २ मोठे चमचे बेसन, १ मोठा चमचा तांदळाचं पीठ, १ चमचा तिखट, अर्धा चमचा आमचूर. पाण्याचा थेंब नको, भेंडीचा स्वतःचा चीक पीठ धरून ठेवतो. पीठ लावून पाच मिनिटांच्या आत तळा, मूठमूठ घालून, बुडबुडे कमी होईपर्यंत. मीठ तळल्यावर भुरभुरा. कागदावर ढीग न करता जाळीवर पसरा, ढिगात खालची वाफेने मऊ होते.

प्रश्न : रात्री भेंडी भिजवून सकाळी ते पाणी प्यायलं की साखर उतरते म्हणतात. खरं आहे का? (सोलापूर)

उत्तर : भेंडी चांगली भाजी आहे, तंतुमय आहे, जेवणात जरूर खावी. पण त्या पाण्याच्या भरवशावर मधुमेहाची गोळी कमी किंवा बंद करू नका. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच भेंडी नियमित खावी, तिच्यात ऑक्झलेट बरंच असतं.

प्रश्न : गोव्याच्या सात शिरांच्या भेंड्याची लांबी बघून तो जून वाटतो. घ्यावा का? (पणजी)

उत्तर : नक्की घ्यावा. पावसाळ्यातला हा भेंडा लांब आणि जाडच असतो, लांबीवरून त्याचं वय ठरवू नका. टोक मोडून बघा, नेहमीच्या पाच शिरांच्या भेंडीसारखंच. मांसल असल्याने चकत्या दीड सेंटिमीटरच्या करा आणि पाच मिनिटं जास्त द्या. सुंगटांच्या हुमणात (कोळंबीच्या आमटीत) घालणार असाल तर आधी थोड्या तेलात परतून घ्या, आणि हुमणात आंबट पडल्यावरच सोडा.

प्रश्न : ताकातली भेंडी करताना ताक फुटतं, आणि नाही फुटलं तर कढी शेंबडी होते. (कोल्हापूर)

उत्तर : फुटण्याला बेसन कमी पडणं कारणीभूत, शेंबडी होण्याला कच्ची भेंडी. दोन वाट्या ताकाला दीड मोठा चमचा बेसन गारच असताना गुठळ्या मोडून लावा. ताक ताजं, बेताचं आंबट घ्या. आलं-मिरचीचा ठेचा आणि साखर चिमूटभर. मंद आचेवर पहिली उकळी येईपर्यंत सतत, एकाच दिशेने ढवळत राहा. याच टप्प्यावर लोक हात थांबवतात आणि ताक फुटतं. उकळी आली की बेसन शिजेपर्यंत मंद आचेवर पाच-सहा मिनिटं.

२०० ग्रॅम भेंडी वेगळ्या कढईत मेथीदाणे-हिंगाच्या फोडणीवर सात-आठ मिनिटं, सुकी आणि कडांना तांबूस होईपर्यंत परता. मग ती कढीत घाला, मीठ घाला, तीन मिनिटांत उतरवा. दुसऱ्यांदा गरम करताना उकळी येऊ देऊ नका. वाफ दिसू लागली की गॅस बंद. पाहुण्यांसाठी आधी करून ठेवायची असेल तर कढी आणि परतलेली भेंडी वेगळी ठेवा आणि वाढायच्या पाच मिनिटं आधी एकत्र करा.